चार बोटं उंच

आमच्या घरातल्या सगळ्या खुर्च्या बुटक्या होत्या. पाहुणा नेहमीच्या अंदाजानं बसायला जायचा आणि शेवटच्या क्षणी खुर्ची त्याला दगा द्यायची. तो धप्पकन खाली जाई, गुडघे वर येत, हातातला चहा बशीत सांडे. आतून आई म्हणायची, "बसले वाटते पाहुणे." बाबा मात्र गंभीरपणे विचारत, "लागलं नाही ना जी?" आणि मग खुर्च्या बुटक्या का, याचा खुलासा सुरू होई. तो मला पाठ होता. बाबांना खोकला आला की पुढचं वाक्य मी पुरं करत असे, आणि बाबांना त्याचा केवढा अभिमान वाटे.

मी अक्षरं पाटीवर शिकले नाही, पत्रकांवर शिकले. बाबा दर वर्षी नागपूरच्या मेळाव्याहून पिशवी भरून पत्रकं आणत. गुलाबी, पिवळी, हिरवट पातळ कागदांची. हात लावला की बोटाला शाई लागायची. पत्रकात बांधलेली भजी बाबांनी एकदा दुकानदाराला परत केली होती, "हे कागद पुडी बांधाले नाही हायत," असं म्हणून. आई गुपचूप त्याच पत्रकांनी फडताळाचे कप्पे मढवायची. त्यामुळे हळद कुठे आहे ते मला "गुलामाला" या शब्दावरून कळे आणि मिठाचा डबा "उठा" या शब्दावर असे. सहावी-सातवीत असताना मी वर्गात निबंधाची सुरुवात "बंधू आणि भगिनींनो" अशी करत असे. विषय 'आमची गाय' असला तरी.

आमचं गाव आंधळगावच्या पलीकडे, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. बाबा गावातल्या हायस्कूलमध्ये मास्तर होते. वस्तीत पगार येणारं घर आमचंच, त्यामुळे संध्याकाळी माणसं आमच्याकडे जमत. धानाच्या गिरणीचा पट्टा दिवसभर फट्‌फट्‌ वाजे आणि तो थांबला की तलावातले बेडूक ऐकू येत. त्या दोन आवाजांच्या मधल्या शांततेत आमच्याकडे वाचन चाले. आई चुलीवर तांदळाच्या पिठाचे आयते, म्हणजे धिरडी, घाली, कधी लाखोळीच्या डाळीचे वडे. तव्यावर पीठ पडल्याचा चर्र आवाज आला की ऐकणाऱ्यांच्या माना आत वळत आणि बाबा आवाज चढवत. समतेवरचं वाचन नेहमी वड्यांच्या वासात व्हायचं. आजही कुणी व्यासपीठावरून समता म्हटलं की मला भूक लागते.

खुर्च्यांची गोष्ट अशी. गावात मालकांचं घर होतं. मालगुजारी, म्हणजे त्यांची जमीनदारी, कायद्यानं गेली त्याला वर्षं लोटली, पण लोक अजून मालकच म्हणत: वारले ते मोठे मालक, उरले ते छोटे मालक. त्यांच्या ओसरीवर आमच्या माणसानं जायचं नाही, खाली अंगणात बसायचं, ही रीत. बाबा मास्तर झाल्यावर पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा त्यांच्या शिक्षणाचा मान म्हणून गड्यानं त्यांना बसायला पोतं आणून दिलं. जमिनीवर नाही, पोत्यावर. बाबा सांगत, "उभाच राहिलो मी. पण उभा राहिलो ते बी त्यांच्यापुढंच ना." त्या दिवशी त्यांनी ठरवलं की आपल्या घरी येईल त्याला खुर्ची मिळेल, आणि एकाची खुर्ची दुसऱ्याहून उंच असणार नाही. जो आधी येईल तो बसेल, जो उशिरा येईल तो उभा राहील. मग तो तहसीलदार का असेना.

नव्या खुर्च्या बाबांना नको होत्या. तेव्हा लोखंडी नळीच्या, प्लास्टिकच्या पट्ट्या विणलेल्या खुर्च्या तुमसरात मिळू लागल्या होत्या, वस्तीत एक-दोघांनी आणल्याही होत्या. बाबा म्हणत, त्या खुर्च्यांवर कोणी बसलं नाही आणि त्यांच्यापुढं कोणी उभं राहिलं नाही. त्या जिंकून काय उपयोग? त्यांना जुन्याच खुर्च्या हव्या होत्या, ज्यांच्यावर साहेब बसले होते, ठेकेदार, वकील बसले होते. जिथं लिलाव असेल तिथं आम्ही जायचो, बाबा, आई आणि मी. खिशात सुतळीचा गुंडा असे. बाबा खुर्चीभोवती फिरत आणि विकणाऱ्याला विचारत, "यावर कोण बसत होतं? त्याच्यापुढं कोण उभं राहत होतं?" विकणारा गोंधळे. आई म्हणायची, "आधी बसून तर पाहा. इतिहास मंग विचारा."

अशा आमच्या खुर्च्या आल्या. आंबागडच्या खालच्या जंगलातल्या जुन्या बंगल्यातून सागवानी दोन, वेताच्या बैठकीच्या. पाठीमागं पांढऱ्या रंगात आकडे घातलेले. आईच्या माहेराहून, सानगडीहून, एका घड्याळवाल्याची गोल पाठीची खुर्ची. तिचं लाकूड वाफेवर वाकवलेलं होतं, म्हणून बाबांना ती आधी पटेना. "वाकवलेलं हाय" असं ते तिच्यासमोरच म्हणाले. "वाकलं पण मोडलं तर नाही," आई म्हणाली, आणि ती खुर्ची आली. भंडाऱ्याला एका वकिलाची फिरती खुर्ची दिसली होती. मी तिच्यावर बसून दोन गिरक्या घेतल्या आणि मला ती जीव जाईस्तोवर हवीशी झाली. बाबांनी हाताला धरून उतरवलं. "जो माणूस बसल्या जागी तोंड फिरवते, त्याच्या घरची खुर्ची आपल्याले नोको." मी रस्ताभर रडले. आईनं मला चिवडा घेऊन दिला आणि बाबांना म्हणाली, "पोट्टीनं काय पक्ष बदलला काय जी? फिरलीच तर हाय."

परवा माझी भाचेसून मला नागपुरात अशाच एका दुकानात घेऊन गेली. तिला नव्या फ्लॅटसाठी जुन्या खुर्च्या घ्यायच्या होत्या, आणि मला त्यातलं कळतं असा तिचा समज आहे. वातानुकूलित दुकान, प्रत्येक खुर्चीवर पिवळा दिवा. दुकानदारानं एक खुर्ची उलटी करून पायांचे तळ दाखवले आणि म्हणाला, "बघा मॅडम, पाय ओरिजिनल आहेत. कापलेले असले ना, की किंमत गेलीच समजा." मी हसले. त्याला वाटलं भाव पटला.

मोठे मालक वारल्यावर छोट्या मालकांनी घरातलं जुनं सामान विकायला काढलं. त्यात ती खुर्ची होती. रुंद हातांची, हातांच्या टोकाला वाघाचे पंजे, पाठीवर कमळ कोरलेलं. बैठक इतकी उंच की बसणाऱ्याचे पाय खाली जेमतेम टेकत, म्हणून तिच्यासोबत एक चौरंग असे. याच खुर्चीत बसून मोठे मालक न्यायनिवाडा करत. माझे आजोबा तिच्यापुढं अंगणात बसलेले बाबांनी लहानपणी पाहिले होते. शेजारचे धोंडबाजी, वस्तीतले सगळ्यांत म्हातारे, जन्मभर मालकांकडे राबलेले, ते म्हणत, "त्या खुर्चीतून मालक बोलत नव्हते गा, वरून पडत होतं." ती खुर्ची बाबांनी घेतली. बैलगाडीतून ती वस्तीत आली तेव्हा पोरं मागं धावत होती आणि बाया दारात उभ्या होत्या. कोणीतरी ओरडलं, "मास्तरच्या घरी मालक आले!"

दुसऱ्या दिवशी तुळशीराम मिस्तरी करवत घेऊन आला. आधीच्या खुर्च्यांचे पाय त्यानं बोटभर, दोन बोटं कापून सारखे केले होते. पण ही खुर्ची पाहून तो ओशाळला. "गुरुजी, दुसरं काही सांगा. असं सागवान आता भेटत नाही." बाबांनी अंगणात सगळ्या खुर्च्या मांडल्या, एका टोकाला मला आणि एका टोकाला आईला सुतळी धरायला लावली, आणि बैठकींवरून ताणली. मालकांच्या खुर्चीपाशी सुतळी अडली. बाबांनी तिथं हाताची बोटं आडवी लावली. चार बोटं. "एवढं," ते म्हणाले.

जुनं सागवान कापताना आवाज वेगळा येतो. ओला, चिवट, घशातून आल्यासारखा. अंगणभर तेलकट वास सुटला होता. धोंडबाजी भिंतीला टेकून पाहत होते. शेवटचा पाय तुटून पडला तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, "धोंडबाजी, बसा." ते नाही म्हणाले, मग हो म्हणाले, मग पंच्याच्या टोकानं बैठक पुसली आणि दोन्ही पाय वर घेऊन उकिडवेच बसले, शेतात बांधावर बसतात तसे. वाघाच्या पंजांवर हात ठेवून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग आईला म्हणाले, "चहा आण वं सूनबाई. आज मी निवाडा करतो." अंगणात असा हशा पिकला की मिस्तरीही हसला. मी पुढं पुष्कळ सभा पाहिल्या, स्वतः भाषणं केली. पण माणूस मोकळा होतो म्हणजे काय होतं, ते मी त्या दिवशी धोंडबाजींच्या चेहऱ्यावर पाहिलं.

कापलेले चार तुकडे बाबांनी भिंतीवरच्या तसबिरींखालच्या फळीवर ओळीनं ठेवले. नव्या पाहुण्याला ते दाखवत. त्यातला एक हळूहळू स्वयंपाकघरात गेला. आई त्यानं लसूण ठेचत असे. बाबांनी हरकत घेतली तेव्हा ती म्हणाली, "मालकाच्या पायाले काम लागलं तर वाईट काय झालं?" तो तुकडा तिथंच राहिला. आई स्वतः मात्र खुर्चीवर क्वचितच बसे. तिला पाटच बरा वाटे. त्याबद्दल एकही पत्रक तेव्हा निघालेलं नव्हतं, आणि मलाही ते फार उशिरा दिसलं.

मी भंडाऱ्याला कॉलेजात गेले तोवर छोटे मालक आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष झाले होते. गोड माणूस. मोटारसायकलवरून येत, सगळ्यांना जी लावून बोलत, बाबांच्या खांद्यावर हात ठेवत. पण शाळेच्या स्नेहसंमेलनात पुढं खुर्च्या मांडल्या जात आणि आमच्या वस्तीतले आईबाप मागं सतरंजीवर बसत. कोणी सांगत नसे, कोणी अडवत नसे. फक्त खुर्च्या भरलेल्या असत, रिकाम्या असल्या तरी. एका वर्षी मी माझ्या मैत्रिणीच्या आईला हात धरून पुढच्या रांगेत बसवलं तर एक शिक्षक येऊन हळूच म्हणाले, "ताई, इथं अध्यक्षसाहेबांची मंडळी येऊन राहिली." मंडळी आलीच नाही. खुर्ची रिकामी राहिली आणि मैत्रिणीची आई सतरंजीवर.

त्यावर मी पत्रक लिहिलं. माझं पहिलं. रात्ररात्र जागून नाही, एका दुपारी, होस्टेलच्या जिन्यात बसून. मसुदा घेऊन घरी गेले आणि बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले, 'धिक्कार' हा शब्द चार ठिकाणी होता तो एका ठिकाणी ठेवला. मग माझ्याच पेनानं खाली एक वाक्य स्वतः लिहिलं: "याच गावात एक घर असे आहे, जिथे मालकांच्या खुर्चीचे पाय चार बोटे कापून ती सर्वांबरोबर मांडली आहे, ज्याला खात्री करायची असेल त्याने यावे आणि बसावे." कागद परत देण्याआधी त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मला वाटलं, आनंदानं. "छाप," ते म्हणाले.

मी तुमसरच्या छापखान्यात ते छापून घेतलं. गुलाबी कागद मीच निवडला. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी गठ्ठा पिशवीत घालून आंधळगावला बसमधून उतरले आणि गावाकडे चालत निघाले. पाळीवरून वस्ती दिसते. आमच्या घराला नवा चुना दिसला, अंगण सारवलेलं, आणि दाराशी मोटारसायकल.

मी आत गेले. धाकटे चुलते आणि वस्तीतले दोघे-तिघे भिंतीलगत सतरंजीवर बसले होते. आमच्या घरात सतरंजीही आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. बाबा बुटक्या खुर्चीत, गुडघे वर, हात मांड्यांवर. त्यांच्यासमोर ती खुर्ची, आणि तिच्यात छोटे मालक. मला आधी कळेना की काय वेगळं आहे. एवढंच दिसलं की मालक वर आहेत आणि बाबा मान उचलून त्यांच्याकडे पाहताहेत. मग मी खाली पाहिलं. खुर्चीच्या पायांना, गुडघ्याखाली पट्टी बांधावी तसा, सांधा होता. फळीवर तुकडे नव्हते. ते परत पायांना लावले होते, सरसानं आणि खुंट्या ठोकून, वरून नवं पॉलिश.

"ये सुजाता, ये," बाबा म्हणाले. "नमस्कार कर साहेबांले."

"राहू द्या मास्तर," छोटे मालक हसून म्हणाले, "शिकलेली पोरगी हाय." आणि माझ्याकडे वळले. ते वळले तशी खुर्ची हलली. टुक. "तुमचं पत्रक वाचलं आम्ही. बाबानं दाखवलं. भाषा लय चांगली हाय जी. कडक. आपल्या शाळेत मराठीची जागा रिकामी होऊन राहिली. अशीच मास्तरीन पाहिजे पोरांले." टुक.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा खुर्चीच्या पायाकडे पाहत होते. आतून आई चहा घेऊन आली, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "एक पाय आखूड झाला वाटते मास्तर," मालक म्हणाले आणि मुद्दाम एकदा डोलले. टुक, टुक. सतरंजीवरचे हसले. चार तुकड्यांपैकी तीनच सापडले होते. चौथा, आईनं मिस्तरीला सांगितलं, चुलीत गेला. त्यानं आंब्याच्या लाकडाचा नवा करून लावला होता, तो सुताएवढा कमी भरला.

"थांबा साहेब," म्हणत बाबा उठले. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि घडी केलेला कागद काढला. गुलाबी. छापखान्यातून मी पोस्टानं त्यांना पहिली प्रत पाठवली होती, ती. बाबांनी तिची आणखी एक घडी घातली, आणखी एक. मग खाली वाकले, गुडघे टेकले, डाव्या हातानं खुर्ची जराशी उचलायचा प्रयत्न केला. मालक उठले नाहीत, नुसते एका बाजूला झुकले. बाबांनी कागद पायाखाली सरकवला, अंगठ्यानं दाबला.

"आता?" त्यांनी खालूनच विचारलं.

मालक डोलून पाहू लागले. आवाज आला नाही. "फस्ट क्लास," ते म्हणाले.

ज्या माणसानं पत्रकात बांधली म्हणून भजी परत केली होती, त्यानं हे केलं. मला दुसरं काही सांगायचं नाही. एवढं सांगण्यासाठीच मी हे प्रकरण लिहायला बसले.

मोटारसायकलचा आवाज पाळीवरून गेल्यावर मी बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण शब्द पत्रकातले होते. माझ्याकडे दुसरे नव्हतेच. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "चार बोटांनं काय फरक पडते, बेटा?"

"मंग कापली काहून होती?"

"तेव्हा मी जवान होतो."

"आणि आता?"

"आता तू जवान हायस. तुले नोकरी लागली का तू बी खुर्चीवर बसशील. शाळेतल्या. खऱ्या." ते हळू बोलत होते, जणू शिकवणीतल्या मठ्ठ पोराला गणित समजावताहेत. "मी बुटक्या खुर्च्या केल्या, त्यानं काय झालं सांग. गावातली एक तरी खुर्ची खाली आली? आपल्याच घरच्या कापल्या आपण."

"तुम्ही मले न विचारता दाखवलं."

"विचारलं असतं तर तू हो म्हटली असतीस काय?"

"नाही."

"मंग?" बाबा म्हणाले. माझ्या नकारात त्यांना आपल्या वागण्याचं समर्थन सापडलं होतं. "गठ्ठा कोठं हाय? इकडं दे तो."

मी दिला नाही. मी नोकरीलाही नाही म्हटलं, तिथंच, चुलत्यांसमोर. चुलते म्हणाले, "पत्रकानं डोकं फिरलं पोट्टीचं." बाबा त्यांना रागावले नाहीत. ते मला लागलं.

मी पिशवी उचलून निघाले तेव्हा आई मागल्या दारानं पाळीपर्यंत आली. हातात फडक्यात बांधलेले आयते होते आणि जवसाची चटणी. "खाऊन घेजो," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "तुले मालूम होतं?" ती म्हणाली, "मिस्तरी घरी आला त मालूम होईलच ना." मग थांबून म्हणाली, "मी काय करू सुजे, मी त एकच तुकडा लपवू शकली." मी मैत्रिणीकडे जाऊन फडकं सोडलं तेव्हा आयत्यांच्या खाली तो निघाला. सागवानाचा, काळपट, लसणाच्या वासाचा.

मैत्रिणीच्या घरी बसून मी गठ्ठा उघडला आणि माझ्या लक्षात आलं की हे पत्रक मला वाटता येणार नाही. त्यातलं शेवटचं वाक्य खोटं झालं होतं. ज्याला खात्री करायची असेल त्याने यावे आणि बसावे. कोणी खरंच आलं असतं तर? मग आम्ही दोघींनी दौत घेतली आणि एकेका प्रतीवरचं ते वाक्य खोडलं. बाबांचं वाक्य. बोटं काळी झाली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभी राहून मी पत्रकं वाटली. लोकांचा स्वभाव असा की खोडलेलंच आधी वाचायचं असतं. लोक कागद उन्हाकडे धरत, डोळे बारीक करत. एक म्हातारा म्हणाला, "हे काय लिहून मिटवलं वं पोरी?" मी म्हटलं, "ते आता तसं नाही." बाबा मंचावर होते. छोट्या मालकांनी भाषणात माझं कौतुक केलं. गावाची लेक म्हणाले. पत्रकानं कुणाचं काही बिघडलं नाही. सतरंजी तिथंच राहिली.

मी माझ्या पायावर उभी राहिले, दुसऱ्या जिल्ह्यात. मला आता लोक सांगतात, विशेषतः माझ्याहून लहान लोक, की बाबांना समजून घ्या, त्या पिढीनं खूप सोसलं, बापच तो. मी समजून घेतलं आहे. त्यात काही कठीण नव्हतं. पण समजलं म्हणून ते बदललं नाही. त्यांनी मला एक पट्टी दिली होती आणि सांगितलं होतं की सगळं जग हिनं मोज. मी त्यांनाही तिनंच मोजते. माझ्याकडे दुसरी नाही.

तो तुकडा माझ्या लिहायच्या टेबलावर आहे. लसणाचा वास आता येत नाही, किंवा मलाच येत नाही. त्या दुकानातून भाचेसुनेनं शेवटी चार खुर्च्या घेतल्या, ओरिजिनल पायांच्या. तिनं विचारलं, "आत्या, कोणती निवडू?" मी म्हटलं, तुझ्याकडे कोण कोण येणार, त्यांना विचार.

त्या प्रसंगानंतर मी घरी गेले ती सुगी उलटल्यावर. आई आजारी होती म्हणून. बैठकी मोजायची ती सुतळी दोन खुंट्यांमध्ये बांधलेली होती आणि तिच्यावर मिरच्या वाळत होत्या. मालकांची खुर्ची तसबिरींखाली, भिंतीला लावून, उंच आणि रिकामी. तिच्यावर कोणी बसत नसे, बाबासुद्धा नाही. बाकीच्या खुर्च्या जागच्या जागी होत्या. संध्याकाळी गिरणीचा पट्टा थांबला आणि सवयीनं बाबांनी पत्रक काढलं. धोंडबाजी आले. काठी दाराशी ठेवली, आत पाऊल टाकलं, आणि त्यांची नजर त्या खुर्चीवर गेली. मग त्यांनी पंचा झटकून खाली टाकला आणि उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसले, पाय पोटाशी घेऊन.

"धोंडबाजी, वर बसा," बाबा म्हणाले. "इतक्या खुर्च्या हायत."

"नाही गा मास्तर. इथंच बरं हाय."

"मालक कोठं हायत इथं? रिकामी हाय ती खुर्ची."

धोंडबाजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "खुर्ची त हाय ना," ते म्हणाले.

तलावातले बेडूक सुरू झाले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात आयत्याचं पीठ फेटत उभी होते आणि वाट पाहत होते की बाबा आपल्या खुर्चीवरून उठतील आणि खाली, धोंडबाजींच्या शेजारी जाऊन बसतील. एवढं केलं असतं तरी मी पुष्कळ विसरले असते. बाबांनी चष्मा पुसला, पत्रक डोळ्यांजवळ धरलं, आणि वरूनच वाचायला लागले.